माणशी एक लिटर

मृग कोरडा गेला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट छापून येऊ लागते. सात तलावांची नावे, प्रत्येकापुढे पाण्याची पातळी, आणि तळाशी एकूण साठा किती टक्के उरला त्याचा आकडा. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. ज्या मुंबईकराला आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव सांगता येणार नाही, त्यालाही ही सात नावे त्या दिवसांत पाठ झालेली असतात. आकडा दहाच्या आसपास उतरला की महापालिकेचे निवेदन निघते: अमुक तारखेपासून सरसकट दहा टक्के पाणीकपात, नागरिकांनी सहकार्य करावे. २०२४ साली ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली. ती २९ जुलैला मागे घेण्यात आली. २०२३ च्या जुलैतही दहा टक्केच होती. २०१५ च्या ऑगस्टात सुरू झालेली घरगुती वापरावरची वीस टक्क्यांची कपात तर पुढचा पावसाळा येईपर्यंत टिकली.

निवेदनामागोमाग अग्रलेख येतात. दुष्काळ कुणाला सोडत नाही, झळ सर्वांनी सारखी सोसली पाहिजे, दात घासताना नळ सोडून ठेवू नये, मोटार धुवायला रबरी नळी लावू नये. यातले एकही वाक्य खोटे नाही. तरीही इतक्या वर्षांच्या वाचनानंतर हे सारे लेखन मला एका मोठ्या प्रश्नावर घातलेल्या पांघरुणासारखे वाटू लागले आहे. तो प्रश्न असा, की दहा टक्के म्हणजे कुणाचे दहा टक्के? टंचाई निसर्ग आणतो हे मला मान्य आहे. परंतु आलेली टंचाई कुणाच्या दारात नेऊन ठेवायची, हे काही निसर्ग ठरवीत नाही. ते महापालिका ठरविते. आणि तिने काढलेला हा सरसकट टक्केवारीचा तोडगा वरवर पाहता जितका निःपक्षपाती दिसतो तितकाच तो आत अन्यायाचा आहे, असे माझे म्हणणे आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण बहुतेक वर्षी दिवाळीला तलाव तुडुंब असतात, आणि भरल्या घरातच वाटणीची बोलणी शांतपणे करता येतात. ज्येष्ठात ती करायला गेले की भांडण होते.

प्रथम मापे पाहू. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते; खात्याच्या भाषेत ३,८५० दशलक्ष लिटर. हे पाणी वाटताना महापालिकेने वर्षानुवर्षे दोन मापे वापरली. इमारतीत राहणाऱ्याला माणशी दिवसाला १३५ लिटर, आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर. ही काही कुणी अंधारात ठरविलेली गोष्ट नव्हे. नियोजनाच्या कागदांत ती उजळ माथ्याने लिहिलेली असे. तिचे समर्थन असे, की झोपडीत न्हाणीघर नाही, संडासाची टाकी नाही, तेव्हा तेथल्या माणसाची गरजच कमी. म्हणजे न्हाणीघर नाही म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून न्हाणीघर बांधून उपयोग नाही. या चक्राला नियोजन म्हणतात.

आता या दोन मापांतून दहा टक्के कापा. इमारतीतल्या माणसाचे साडेतेरा लिटर गेले, १२१.५ उरले. वस्तीतल्या माणसाचे साडेचार लिटर गेले, ४०.५ उरले. इमारतीत साडेतेरा लिटर म्हणजे संडासाची साखळी फार तर दोनदा कमी ओढणे. वस्तीत साडेचार लिटर म्हणजे एका माणसाचे दिवसभराचे पिण्याचे पाणी, आणि वर त्याच्या वाट्याच्या भात-आमटीचे. पीटर ग्लाइक या जलतज्ज्ञाने १९९६ साली पिणे, स्वयंपाक, अंघोळ आणि स्वच्छता या सगळ्यांना मिळून माणसाला दिवसाला किमान ५० लिटर लागतात असा हिशेब मांडला, आणि तो पुढे जगभर आधाराला घेतला गेला. आमच्या वस्तीतल्या माणसाला सुकाळातच त्याहून पाच लिटर कमी आहेत. त्याच्याकडून दहावा हिस्सा मागताना, तो आधी कशातून देणार, हे विचारायची पद्धत नाही.

हा झाला कागद. प्रत्यक्षातली गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती समजण्यासाठी मुंबईचे पाणी घरात कसे येते ते पाहिले पाहिजे. या शहराच्या नळांना अष्टौप्रहर पाणी नसते. शहराचे विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाची वेळ ठरलेली आहे. कुणाची पहाटे, कुणाची दुपारी, कुणाची मध्यरात्री. महापालिकेचे चावीवाले रस्त्यातल्या झडपा फिरवीत हिंडतात. एका विभागाची चावी बंद होते, दुसऱ्याची उघडते. कुठल्याही झडपेवर दहा टक्क्यांची खूण कोरलेली नसते. तेव्हा दहा टक्के कपात याचा व्यवहारातला अर्थ एकच: टाक्यांतली पातळी उतरते, पाण्याची वेळ आखडते, किंवा वेळ तीच राहून दाब कमी होतो.

मी ज्या इमारतीत राहतो तिच्या पोटात एक टाकी आहे आणि गच्चीवर दुसरी. पाणी दोन तासांऐवजी पावणेदोन तास आले, तर खालच्या टाकीला ते कळते, मला कळत नाही. सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लागते, सकाळी अमुक ते अमुक या वेळेतच पाणी सोडले जाईल. दोन दिवस जिन्यात कुरकूर होते, मग घरोघरी दोन जादा बादल्या भरून ठेवल्या जातात, आणि त्या भरलेल्या बादल्यांतले शिळे पाणी दुसऱ्या दिवशी ओतून देऊन पुन्हा ताजे भरले जाते. कपातीच्या दिवसांत आमच्या इमारतीचा खप कमी होतो की वाढतो, हा शोध कुणीतरी घ्यावा असा विषय आहे.

वस्तीत टाकी नाही. तिथली टाकी म्हणजे दाराशी ठेवलेले निळे पिंप, दोन हंडे, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांची रांग. पाच-दहा घरांनी गटाने घेतलेली एक नळजोडणी असते. नळ आला की पाळीपाळीने त्याला नळ्या जोडायच्या. गोवंडी-मानखुर्दच्या टोकाला किंवा घाटकोपर-भांडुपच्या टेकड्यांवर, जिथे चांगल्या दिवसांतही पाणी धापा टाकीत पोहोचते, तिथे दाब उतरला की पहिली वीस मिनिटे नळातून नुसती हवा येते. ज्यांच्याजवळ पंप आहे ते तो सरळ वाहिनीलाच लावतात; हे बेकायदा आहे आणि सर्वत्र चालते. त्यांच्या पुढच्या घराला मग काहीच मिळत नाही. शिवाय वाहिनी रिकामी झाली की ती बाहेरचे पाणी आत ओढते, आणि वाहिनीच्या बाहेर गटार असते. म्हणून कपातीच्या दिवसांत पहिला हंडा ओतून द्यायचा असतो, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. निवेदनात दहा टक्के लिहिलेले असतात; वाहिनीच्या टोकाशी ते कधी तीस होतात, कधी शंभर. पाणी तासांवर वाटले की ते ज्याच्याजवळ साठवायची सोय आहे त्याच्याकडे जाते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. उताराला पाणी धावावे तसेच आहे हे; फक्त इथला उतार आम्ही बांधलेला आहे.

आता एक छोटासा गुणाकार करू. तो करण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही, आणि म्हणूनच तो कुठे छापलेला माझ्या वाचनात आला नाही याचे मला नवल वाटते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. लोकसंख्येच्या एक्केचाळीस टक्क्यांहून अधिक. या प्रत्येकाला त्याचे ४५ लिटर खरोखरच मिळतात असे धरू. (हे धरणे फार उदारपणाचे आहे, पण असो.) बावन्न लाख गुणिले पंचेचाळीस: २३ कोटी ४० लाख लिटर. शहराचे रोजचे पाणी ३८५ कोटी. म्हणजे शंभरातली एक्केचाळीस माणसे, आणि शंभरातले सहा लिटर. उरलेल्या चौऱ्याण्णवांत कारखाने, हॉटेले, इस्पितळे, रेल्वे आणि गळती हे सारे आले, हे खरे. तरी सहा ते सहाच.

दहा टक्के कपात म्हणजे रोज साडेअडतीस कोटी लिटर वाचवायचे. त्यांतले या बावन्न लाखांकडून काढायचे ते किती? दोन कोटी चौतीस लाख. समजा, महापालिकेने ठरविले की हे दोन कोटी चौतीस लाख आम्हांला नकोत. वस्त्यांच्या पाण्याला दुष्काळातही हात लावायचा नाही. मग तेवढा भार उरलेल्या शहराने उचलायचा. त्याला दहाऐवजी सुमारे १०.६५ टक्के कपात सोसावी लागेल. ज्याला १३५ लिटर मिळतात त्याचे यात आणखी किती गेले? पाऊण लिटरहून थोडे अधिक. माणशी एक लिटरसुद्धा नाही. बावन्न लाखांचे आज पासष्ट लाख झाले असतील असे म्हणा, तरी हिशेब सव्वा लिटराच्या पुढे सरकत नाही.

चहाच्या दोन भांड्यांएवढे पाणी. तेवढे आमच्या प्रत्येकाकडून मागितले असते तर आम्ही ते नाकारले असते असे मला वाटत नाही. मुंबईकराविषयी माझे मत इतके वाईट नाही. माझी तक्रार ही आहे की ते आमच्याकडे कुणी कधी मागितलेच नाही. त्याऐवजी आम्हांला दात कसे घासावेत हे शिकविले गेले.

आम्हांला दुष्काळातही प्रतीके आवडतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी जाऊ लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. न्यायालयाचा निर्णय मला गैर वाटत नाही. न्यायालयापुढे जो प्रश्न आला त्याचे उत्तर त्याने दिले. पण तो महिनाभर शहाणीसुरती माणसे मैदानातल्या हिरवळीला किती पाणी लागते यावर तावातावाने बोलत होती, आणि त्याच वेळी आपल्या शहरातली वीस टक्के कपात कुणाच्या पिंपातून जात आहे याचा उच्चार नव्हता. हिरवळ डोळ्यांना दिसते. वाहिनीच्या टोकाचा कोरडा नळ पाहायला टेकडी चढावी लागते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत सभ्य आक्षेप अभियंत्यांचा आहे. ते म्हणतात, वाहिनीला माणूस ओळखता येत नाही; एकाच वाहिनीवर इमारतही आहे आणि वस्तीही आहे; कमी करायचे तर सर्वांचे कमी होणार. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते शेवटपर्यंत टिकत नाही. २०१५ साली घरगुती वापराला वीस टक्के आणि व्यापारी वापराला पन्नास टक्के अशी वेगळी कपात याच महापालिकेने जाहीर केली होती. म्हणजे ओळख पटविता येते. माणशी दीडशे लिटरांच्या वर जाणाऱ्या सोसायटीला चढता दर लावण्याचा नियमही तिचाच आहे. म्हणजे कोणती इमारत माणशी किती पाणी घेते हे मोजण्याची सोय तिच्यापाशी आहे. ज्या विभागात वस्त्याच अधिक आहेत तिथली वेळ न आखडता, जिथे टाक्यांच्या इमारतीच अधिक आहेत तिथली थोडी अधिक आखडणे हे चावीवाल्याच्या हाताला मुळीच जड नाही. मिश्र विभागांत काम अवघड आहे, हे मी मान्य करतो. पण अवघड म्हणून शंभरातले एकही करायचे नाही, हा अभियांत्रिकीचा नियम मी कुठे वाचलेला नाही.

आणि हे जगात कुणी केलेच नाही असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरावर २०१५ पासून सलग तीन वर्षे पावसाने पाठ फिरविली. २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या नगरपालिकेने जाहीर केले की धरणांतला साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की शहराचे नळ बंद होतील, आणि सुमारे दोनशे केंद्रांवर रांगेत उभे राहून माणशी २५ लिटर पाणी न्यावे लागेल. त्या दिवसाला त्यांनी ‘शून्य दिवस’ असे नाव दिले. तो टाळण्यासाठी १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरांची मर्यादा घातली. टक्केवारी नव्हे, मर्यादा: राजाला पन्नास आणि रंकालाही पन्नासच. फार पाणी वापरणाऱ्या घरांच्या नळांना ठराविक पाण्यानंतर आपोआप बंद होणारी यंत्रे बसविली. कोणते घर मर्यादेत आहे हे दाखविणारा नकाशा सर्वांना पाहायला खुला केला. शेजारच्या शेतकऱ्यांच्या संघाने आपल्या धरणातले सुमारे हजार कोटी लिटर पाणी शहराला दिले. जे शहर २०१५ साली रोज सुमारे १२० कोटी लिटर पीत होते ते २०१८ मध्ये पन्नास कोटींच्या आसपास येऊन ठेपले, आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत शून्य दिवस टळला.

केपटाऊन हे काही रामराज्य नव्हे. २०२३ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखविले की त्या शहरातले जेमतेम चौदा टक्के श्रीमंत आणि उच्च मध्यमवर्गीय शहराचे निम्म्याहून अधिक पाणी वापरतात, आणि मर्यादा आल्यावर त्यांतल्या अनेकांनी बागांत विंधणविहिरी खोदून आपली सोय करून घेतली. वर्णभेदाने आखलेले शहर ते. त्याची वाटणी सरळ कशी असणार? तरी मला त्या पन्नास लिटरांकडे पुन्हा पाहिल्याखेरीज राहवत नाही. साऱ्या जगाने ज्याला आपत्ती म्हटले, ज्याची छायाचित्रे खंडोखंडी छापली गेली, ते माप आमच्या वस्तीला भर पावसाळ्यात ठरवून दिलेल्या मापाहून पाच लिटरांनी मोठे होते.

दुसरा आक्षेप कमी सभ्य आहे, पण घरोघरी ऐकू येतो. झोपडपट्टीवाले पाणी चोरतात; आम्ही कर भरतो; आम्ही का सोसावे? कराचे आधी बघू. ज्या वस्तीत जोडणी आहे तिला मापकाप्रमाणे देयक येते आणि ती ते भरते. जिथे जोडणी नाही तिथे कॅन विकत घ्यावे लागतात. महापालिका हजार लिटर ज्या काही रुपयांना देते त्याच्या कित्येक पट दाम तिथे मोजावे लागतात. म्हणजे शहरातले सर्वांत महाग पाणी सर्वांत गरीब माणूस पितो. राहिली चोरी. १ जानेवारी १९९५ नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही, असे शासनानेच १९९६ साली ठरविले होते. ज्याला कायद्याने पाणी मिळण्याचा मार्गच ठेवला नाही त्याने वाहिनीला भोक पाडले, तर चोर तो खरा. पण त्या चोरीची मुहूर्तमेढ परिपत्रकाने रोवलेली आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्यानंतर धोरण बदलायला वर्षे गेली. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण लागू व्हायला २०२२ उजाडले. तोवर कितीतरी घरांनी तहान ‘चोरून’ भागविली. आणि चोरीचा एवढा संताप करणाऱ्यांनी गळतीचेही बघावे. मुंबईच्या पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास पाणी हिशेबाबाहेर जाते. दहा टक्के वाचविण्यासाठी हंड्यात हात घालायचा आणि पंचवीस टक्के शंभर वर्षांच्या जुन्या वाहिन्यांतून जमिनीत मुरू द्यायचे, यातली चोरी कोणती आणि बेपर्वाई कोणती ते मला उमगत नाही.

तिसरे उत्तर राजकारण्यांचे आहे, आणि ते दीडशे वर्षांहून जुने आहे: आणखी एक धरण. १८५४ साली पाऊस ओढला आणि बेटावरच्या विहिरी आटल्या. बाहेरून पाणी आणून विहिरींत ओतण्याची पाळी आली. त्यातून कॉनिबेअर या अभियंत्याची विहार तलावाची योजना पुढे आली आणि १८६० मध्ये तलाव पुरा झाला. ते अपुरे पडले म्हणून तुळशी, १८९२ मध्ये तानसा, स्वातंत्र्यानंतर ना. वि. मोडक या पालिकेच्या अभियंत्याचे नाव लाभलेला मोडकसागर, मग अप्पर वैतरणा, मग भातसा. मध्य वैतरणाचे रोजचे ४५.५ कोटी लिटर २०१४ च्या सुमारास शहरात येऊ लागले आणि २०१५ च्या ऑगस्टात वीस टक्के कपात आली! आता गारगाईचे नाव ऐकू येते, समुद्राचे पाणी गोडे करण्याची गोष्ट निघते. मी धरणांचा वैरी नाही. एवढ्या माणसांचे शहर विहार-तुळशीवर जगणार नाही, हे मला कळते. पण तलाव एकाचे सात झाले तरी वाहिनीच्या टोकाचा नळ जिथल्या तिथे आहे. वरून कितीही ओता, मधल्या टाक्या भरल्याशिवाय थेंब पुढे जात नाही.

आणि प्रत्येक तलावाला एक गाव लागते. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. तलावाच्या काठी राहून टँकरची वाट पाहणारी ती माणसे आमच्या कपातीच्या हिशेबात कुठेच नाहीत, कारण त्यांचे माप आम्ही कधी ठरविलेच नाही. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. इथे ओझरते लिहून त्यांची बोळवण करणे मला बरे वाटत नाही.

टँकरचे नाव निघाले म्हणून २०२५ च्या एप्रिलची आठवण करून देतो. भूजलाच्या परवानग्यांच्या नियमांवरून मुंबईतल्या खाजगी टँकरवाल्यांनी १० एप्रिलपासून संप केला. त्या वर्षी तेव्हा कपात नव्हती. तरी चार दिवसांत उंच उंच इमारतींचा घसा कोरडा पडला, आणि महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टँकर, विहिरी आणि विंधणविहिरी ताब्यात घेण्याची तयारी जाहीर केली. १४ एप्रिलला संप मिटला. त्या चार दिवसांनी मला एक गोष्ट शिकविली. विहिरीवर मालकाचा हक्क असतो, टँकरवर मालकाचा हक्क असतो, पण पाणी कमी पडले की तो बाजूला सारून वाटणी आपल्या हातात घेण्याचा अधिकार महापालिकेपाशी आहे, आणि तो वापरण्याची इच्छाही तिला होऊ शकते. फक्त ती इच्छा विसाव्या मजल्यावरचा नळ कोरडा पडल्यावर झाली. टेकडीवरचा नळ वर्षानुवर्षे कोरडा असताना तो कायदा पुस्तकातच होता.

माझी मागणी फार मोठी नाही. दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास महापालिका तलावांतला साठा पाहते आणि पुढच्या ३१ जुलैपर्यंत तो कसा पुरवायचा याचा अंदाज बांधते. त्याच वेळी, तलाव भरलेले असताना, तिने ठरवून जाहीर करावे की दुष्काळ पडला तर माणशी पन्नास लिटरांच्या आतल्या पाण्याला कपात लागणार नाही. कपात त्याच्या वर सुरू होईल, आणि जितके वर जावे तितकी ती वाढेल. कपातीच्या दिवसांत वस्त्यांच्या विभागांची वेळ आखडायची नाही. वाहिनीला लावलेले पंप त्या काळापुरते तरी काढायचे, मग ते कुणाचेही असोत. गटाच्या नळाला महापालिकेने स्वतःच्या खर्चाने एक टाकी बांधून द्यावी. आमच्या इमारतीला टाकी बांधल्याशिवाय राहण्याचा दाखला मिळत नाही, आणि त्यांच्या वस्तीला टाकी बांधायला जागा मिळत नाही, हा भेद मिटविला तर निम्मे काम झाले.

आणि कपातीचे निवेदन जेव्हा निघेल तेव्हा त्यात केवळ सात तलावांची चौकट नको. तिच्या शेजारी दुसरी चौकट हवी: कोणत्या प्रभागाला काल माणशी किती लिटर पाणी गेले. मापके महापालिकेची आहेत, झडपांच्या वेळा तिच्या वहीत आहेत, लोकसंख्या जनगणनेत आहे. हा तक्ता एका कारकुनाच्या दोन दिवसांच्या कामाचा आहे. तो छापून येईल त्या सकाळी मलबार हिल आणि मानखुर्द यांचे आकडे एकाखाली एक वाचायला मिळतील, आणि मग माणशी तो एक लिटर द्यायचा की नाही, ते आम्हांला विचारावे.